स्वादुपिंड विरघळवणारी माणसं

मधुमेहाच्या इतिहासात इन्सुलिन शोधणाऱ्यांची नावं येतात, औषधं काढणाऱ्यांची येतात, शस्त्रक्रिया करणाऱ्यांचीही येतात. स्वादुपिंड विरघळवून त्यातल्या आयलेट्स बाहेर काढणाऱ्यांची सहसा येत नाहीत. माझं येण्याचा प्रश्नच नाही. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तांत्रिक साहाय्यक होते आणि नोकरीतला मोठा काळ उंदरांच्या स्वादुपिंडाशी झटापट करण्यात गेला. पण ज्या कामात हात भिजले त्याच्याबद्दल जुने शोधनिबंध वाचायची खोड लागली आणि वाचता वाचता एक मत पक्कं झालं. आयलेट प्रत्यारोपण इतकी वर्षं रखडलं याचा दोष सगळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला देतात. माझ्या मते निम्मा दोष काढण्याच्या कामाचा आहे. पेशी धडपणे बाहेरच येत नव्हत्या, तर टिकणार काय?

अडचण काय ते आधी सांगते. जठरामागे आडवं पडलेलं स्वादुपिंड मोठ्या माणसात शंभरेक ग्रॅमचं असतं. त्यातला जवळजवळ सगळा भाग पाचकरस बनवतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, म्हणजे पाठ्यपुस्तकातली लँगरहान्सची द्वीपके आणि आमच्या बोलण्यातल्या आयलेट्स, वजनाने एक-दोन टक्केच भरतात. संख्येने मात्र दहा लाखांच्या आसपास. एकेकीचा व्यास मिलिमीटरचा दहावा भाग, थोडा कमी, थोडा जास्त, आणि सगळ्या अवयवभर विखुरलेल्या. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाला हवी असते ती ही चिमूट. उरलेलं नुसतं निरुपयोगी नसतं, उपद्रवी असतं. पाचकरसाच्या पेशी फुटल्या की प्रथिनं पचवणारी एन्झाइम बाहेर पडतात आणि शेजारी जे असेल ते पचवू लागतात. आयलेट्सही त्यात आल्याच.

पॉल लँगरहान्सने १८६९ साली बर्लिनमध्ये आपल्या प्रबंधात हे पुंजके पहिल्यांदा वर्णन केले तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्याने सशाचं स्वादुपिंड पाहिलं, निराळ्या पेशी दिसल्या, आणि त्या कशासाठी आहेत हे आपल्याला ठाऊक नाही असं सरळ लिहून टाकलं. हल्लीच्या प्रबंधात असं वाक्य मार्गदर्शक ठेवू देणार नाहीत. १८९३ मध्ये फ्रान्सच्या लागेसने त्या पुंजक्यांना लँगरहान्सचं नाव दिलं, तेव्हा तो मदीरा बेटावर वारून पाच वर्षं झाली होती.

त्याच १८९३ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला वॉटसन-विल्यम्स आणि हारसंट या डॉक्टरांनी मधुमेहाने खंगलेल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. मुलगा तीन दिवसांनी गेला. आज हे वाचून कोणी हसेल, पण इन्सुलिन यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती आणि त्या डॉक्टरांची दिशा चुकली नव्हती. तुकडा सगळा बसवला, त्यातलं नेमकं हवं ते वेगळं केलं नाही, एवढाच फरक.

वेगळं कसं करायचं हा प्रश्न इन्सुलिनच्या शोधाच्या मुळाशीही आहे. बँटिंगच्या डोक्यात १९२० साली आलेली कल्पना हीच होती: कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिका बांधून ठेवायच्या, पाचकरसाचा भाग आतल्या आत झिजून जाऊ द्यायचा, मग उरेल ते आयलेट्सचं. पुढे त्याच्याच गटातल्या कॉलिपने अल्कोहोलचं प्रमाण बदलत बदलत अर्क शुद्ध केला आणि ही उठाठेव मागे पडली. त्यांचा प्रमुख मॅक्लिऑड मात्र १९२२ च्या उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर जाऊन मासे कापत बसला. काही हाडवाल्या माशांत आयलेटची गाठ पाचकरसाच्या भागापासून मुळातच सुटी असते. तिच्यातून इन्सुलिन मिळालं आणि ते आयलेट्समधूनच येतं हे पक्कं झालं. त्याआधी १९०७ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला रेनी आणि फ्रेझर या दोघांनी माशांच्या याच गाठी रुग्णांना खायला घालून पाहिल्या होत्या. इन्सुलिन पोटात पचून जातं, त्यामुळे पदरात फारसं काही पडलं नाही. आमच्याकडे कोकणातला एक विद्यार्थी होता. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मॅडम, मग आपण उंदीर कशाला कापतोय?” प्रश्न रास्त होता. उत्तर एवढंच की माणूस आतून माशापेक्षा उंदराच्या जवळचा आहे.

इन्सुलिन मिळू लागल्यावर चाळीसेक वर्षं आयलेट्स जिवंत बाहेर काढण्याची निकड कोणाला वाटली नाही. इन्सुलिनच्याही आधी शिकागोच्या बेन्सलीने १९११ मध्ये गिनीपिगच्या स्वादुपिंडात रंग सोडून आयलेट्स मोजल्या होत्या, सुईने काही निवडूनही काढल्या होत्या. १९६४ साली स्वीडनच्या उप्सालात हेलरस्ट्रॉमने सूक्ष्मदर्शकाखाली हाताने कोरून काढायची पद्धत लिहिली. हात कितीही स्थिर असला तरी अशाने दिवसाला किती निघणार! इन्सुलिन कसं स्रवतं हे तपासायला तेवढ्या पुरतात, रुग्णाला देण्याचं नावच काढू नका.

मार्ग सापडला तो एका भलत्याच ठिकाणच्या जिवाणूमुळे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांच्या जखमा कुजत, गॅस गँगरीन होई. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वाइनबर्ग आणि सेगँ यांनी १९१६ साली अशा जखमांतून एक जिवाणू वेगळा केला. तो मांस अक्षरशः विरघळवायचा. पुढे तो क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या नावाने ओळखला जाऊ लागला. शरीरातल्या पेशींना जागच्या जागी बांधून ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन तोडणारं एन्झाइम त्याच्यापाशी असतं. न्यूयॉर्कमध्ये इनेस मँडल आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ते एन्झाइम, कोलॅजिनेज, वेगळं करून दाखवलं. १९६५ साली वॉर्साच्या मोस्कालेव्स्कीने गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे तुकडे कोलॅजिनेजमध्ये घोळवले. पाचकरसाचा भाग सुटत गेला आणि आयलेट्स अख्ख्या उरल्या. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटणारी पायरी हीच, आणि मोस्कालेव्स्कीचं नाव मधुमेहतज्ज्ञांनासुद्धा विचारून पाहा.

दोनच वर्षांत, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईसला पॉल लेसी आणि मेरी कोस्तियानोव्स्की यांनी यात दोन सुधारणा केल्या. एक, उंदराच्या नलिकेतून क्षारद्रावण आत सोडून स्वादुपिंड आधी फुगवायचं, म्हणजे ऊती आतूनच सैल होते. दुसरी, कोलॅजिनेजने पचलेला गाळ साखरेच्या कमी-जास्त घनतेच्या थरांवर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. आयलेट्स हलक्या, पाचकरसाच्या पेशी जड, त्यामुळे दोघी वेगवेगळ्या थरांत थांबतात. साखरेने आयलेट्स मरगळायच्या, तेव्हा १९६९ च्या सुमारास तिच्या जागी फायकॉल नावाचा मोठ्या रेणूंचा पदार्थ आला. १९७२ मध्ये बॅलिंजर आणि लेसी यांनी अशा आयलेट्स मधुमेही उंदरांत बसवून त्यांची साखर खाली आणली. लगेच पुढच्या वर्षी केंप आणि सहकाऱ्यांनी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत त्या सोडल्या तर थोड्यातही भागतं असं दाखवलं. माणसालाही त्या आजतागायत तिथेच देतात. म्हणजे स्वादुपिंडातलं काम त्या यकृतात बसून करू लागतात.

आमच्याकडची पद्धत याच घराण्यातली. उंदराचं पोट उघडायचं, पित्तनलिका आतड्याला मिळते तिथे चिमटा लावायचा, आणि वरच्या टोकाने केसाएवढी सुई नलिकेत घालून दोन-तीन मिलिलिटर गार कोलॅजिनेज सोडायचं. सुई बरोबर बसली तर स्वादुपिंड डोळ्यांदेखत पांढरं होऊन फुगतं. नलिका फाटली तर ते जनावर गेलंच, आणि पोटात नुसतं पाणी. मग स्वादुपिंड सोडवून ३७ अंशांच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं. या मिनिटांत सगळं ठरतं. लवकर काढलं तर आयलेट्सना पाचकपेशींची साल चिकटलेली राहते, उशीर झाला तर आयलेट्सच विरघळतात. बर्फासारखं गार द्रावण ओतून एन्झाइम थांबवायचं, गाळायचं, काळ्या पार्श्वभूमीवर डिश ठेवायची आणि तांदळातले खडे वेचावेत तशा एकेक आयलेट पिपेटने उचलायच्या. एका उंदरातून शंभर ते दोनशे. मान अशी धरते की संध्याकाळी बसमध्ये मागे वळून बघता येत नाही. ऐन पंधरा मिनिटांत वीज गेली आणि पाण्याचं तापमान घसरू लागलं की आमच्या प्राणिगृहातले मामा स्टोव्हवर पातेलं चढवून हजर होत. ही पायरी कोणत्याही शोधनिबंधात लिहिलेली नाही.

आणि कोलॅजिनेजची बाटली! हे जिवाणूने बनवलेलं मिश्रण. त्यात कोलॅजिनेजचे दोन वर्ग, वर इतर प्रथिनभेदी एन्झाइम, आणि प्रमाण दर खेपेला निराळं. त्यामुळे एका लॉटला बसवलेली मिनिटं पुढच्या लॉटला चालत नाहीत. मोठ्या प्रयोगशाळा एकेका लॉटचे नमुने मागवून तपासतात आणि चांगला निघाला तर तो सगळाच राखून ठेवतात. आमच्याकडे एवढा पैसा कुठला? एकदा कोरड्या बर्फात निघालेलं पार्सल कागदपत्रांपायी विमानतळावर अडकून पडलं. आमच्यापर्यंत आलं तेव्हा बर्फ संपला होता, पावडर ओलसर झाली होती आणि बिल मात्र पूर्ण होतं. सर म्हणाले, “बाई, वापरून तर बघा.” वापरून बघितलं. पंधरा मिनिटांनी स्वादुपिंड जसंच्या तसं.

उंदराचं जमलं म्हणून माणसाचं जमत नव्हतं. माणसाचं स्वादुपिंड चिवट, तंतूंनी भरलेलं. मिनेसोटात नाजेरियन आणि सदरलँड यांनी १९७४ पासून माणसांत आयलेट्स द्यायला सुरुवात केली, पण त्या शुद्ध नसत. बराचसा पचलेला गाळच असे. तो यकृताच्या शिरेत सोडला की शिरेतला दाब चढे, रक्त गोठे. ऑक्सफर्डच्या डेरेक ग्रे आणि पीटर मॉरिस यांनी १९८४ मध्ये कोलॅजिनेज माणसाच्या स्वादुपिंडातही नलिकेवाटे सोडायची पद्धत मांडली, मग बोटांनी आणि सुयांनी ऊती मोकळी करायची. त्याच दशकात वेल्क्रोचं अस्तर लावलेलं भांडंही काहींनी वापरून पाहिलं. तंतू वेल्क्रोला अडकतील, आयलेट्स खाली येतील, असा हिशोब. मला त्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटते. हाताशी जे सापडेल ते घेऊन भिडणारी माणसं.

मग मिलानहून सेंट लुईसला लेसीच्या प्रयोगशाळेत आलेल्या कॅमिलो रिकॉर्डीने १९८८ साली आपला चेंबर प्रसिद्ध केला. स्टीलचं दोन भागांचं भांडं, मध्ये जाळी, आत स्वादुपिंडाचे तुकडे आणि काही गोट्या. उबदार कोलॅजिनेज पंपाने फिरत राहतं, भांडं हलत राहतं, गोट्या आपटून ऊती सुटी करतात आणि जी आयलेट मोकळी झाली ती जाळीतून लगेच बाहेर पडते. यातली खरी बुद्धी या ‘लगेच’मध्ये आहे. जुन्या पद्धतीत पहिली सुटलेली आयलेट शेवटची सुटेपर्यंत एन्झाइममध्येच मुरायची. आता ती निसटून गार द्रावणात जाते. पद्धतीचं नाव स्वयंचलित, पण दर थोड्या वेळाने नमुना काढून त्यावर डायथिझोन टाकायला माणूस लागतोच. आयलेटमधल्या जस्ताला लागून डायथिझोन लाल होतं. लाल ठिपके सुटे दिसू लागले की एन्झाइम पातळ करायचं, थंड करायचं. ही वेळ कोणती ते अजूनही डोळे ठरवतात.

चेंबरने माल दिला, तो शुद्ध करायचं कोडं लेस्टरच्या इंग्रजांनी १९८९ मध्ये सोडवलं. त्यांनी कोब २९९१ हे यंत्र वापरलं. गोठवून ठेवलेल्या रक्तपेशी धुण्यासाठी बनलेलं, मूळचं आयबीएमचं. संगणकवाल्या आयबीएमचं यंत्र आयलेट्स गाळायला येईल असं कोणाला वाटलं असतं! फिरत्या पिशवीतच घनतेचे थर बनतात, त्यामुळे माणसाचं अख्खं स्वादुपिंड एका बैठकीत उरकतं. तिथेही खाचाखोचा आहेत. पाचकपेशी पाणी पिऊन फुगल्या की हलक्या होतात आणि आयलेट्समध्ये येऊन मिसळतात. म्हणून आधी त्यांना विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अवयव राखण्याच्या द्रावणात थोडा वेळ थंड ठेवतात. तेच द्रावण आधी अवयवात उरलं तर कोलॅजिनेजला अडवतं. एका पायरीवरचं औषध मागच्या पायरीवर विष, असे पेच या कामात पावलोपावली.

आणि तरीही १९९० पासूनच्या दशकातला निकाल वाईट होता. नोंद झालेल्या २६७ प्रत्यारोपणांत वर्षभराहून जास्त काळ इन्सुलिनशिवाय राहिलेले ८.२ टक्के. म्हणून जुलै २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनहून जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांचा निबंध आला तेव्हा खळबळ उडाली. सातपैकी सातही रुग्णांचं इन्सुलिन सुटलं होतं. श्रेय गेलं ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या नव्या औषधांना, स्टेरॉइड टाळण्याला. ते खोटं नाही. पण तोच निबंध माझ्यासारखीने वाचला तर नजर दुसरीकडे जाते. रुग्णाच्या दर किलो वजनामागे सरासरी ११,५४७ आयलेट्स दिल्या होत्या, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ सात लाख. त्यासाठी प्रत्येकाला किमान दोन दात्यांची स्वादुपिंडं लागली. वासराच्या सीरमऐवजी मानवी अल्ब्युमिन वापरलं आणि काढलेल्या आयलेट्स वेळ न घालवता दिल्या. तिथल्या जोनाथन लेकीने एन्झाइम सिरिंजने ढकलण्याऐवजी दाब मोजत नलिकेतून सोडायची पद्धत बसवली होती, आणि त्या गटाचा म्होरक्या रे राजॉट हा मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनीअर. औषधाचं नाव मथळ्यात आलं, पंपाचं आलं नाही.

या मोजणीबद्दल एक सांगायला हवं. आयलेट्स लहान-मोठ्या असतात, म्हणून १५० मायक्रॉन व्यासाची एक प्रमाण आयलेट धरून हिशोब करतात. ३०० मायक्रॉनची एक म्हणजे घनफळाने आठ! त्यामुळे डिशमध्ये चार-पाच टपोऱ्या आल्या की आकडा फुगतो. तुमच्या डॉक्टरांनी कधी आयलेट्सचा आकडा सांगितला तर तो नगांचा नसून घनफळाचा आहे, हे ध्यानात असू द्या.

एडमंटनची पद्धत दुसरीकडे वापरून पाहिली तेव्हा माझ्या मताला आणखी बळ मिळालं. २००६ साली नऊ केंद्रांतल्या ३६ रुग्णांचा निकाल आला. वर्षअखेरीस इन्सुलिनशिवाय होते ४४ टक्के, आणि अनुभवी केंद्रांत व नवख्यांत मोठी तफावत. औषधं सगळीकडे तीच होती, हात वेगळे होते. काही ठिकाणी शहाणपणाने एक केलं: ह्यूस्टनचं स्वादुपिंड विमानाने मायामीला पाठवलं, तिथल्या सवयीच्या माणसांनी आयलेट्स काढल्या आणि त्या परत ह्यूस्टनला आल्या.

२००७ मध्ये आणखी एक तडाखा बसला. बहुतेक केंद्रं लिबरेज हे शुद्ध केलेलं कोलॅजिनेज वापरत. त्याचा जिवाणू वाढवायच्या माध्यमात गाईच्या मेंदूचा अंश असल्याचं समजलं, आणि मॅड काऊ रोगाच्या धास्तीने ते माणसांसाठी बंद झालं. सगळ्यांना दुसऱ्या कंपन्यांच्या एन्झाइमवर मिनिटं नव्याने बसवावी लागली, आणि अनेक ठिकाणी काही काळ माल घटला. एका बाटलीपायी अख्ख्या जगाची घडी विस्कटल्याचं वाचून मला आमच्या ओलसर पावडरीचं तितकंसं दुःख उरलं नाही.

पुण्यात या विषयावर काम झालं हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. रमेश भोंडे यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून उंदरांच्या आयलेट्सवर नेटाने काम केलं. तिथून डॉक्टरेट केलेले आनंदवर्धन हर्डीकर पुढे ऑस्ट्रेलियात याच विषयातले नावाजलेले संशोधक झाले.

२०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दात्याच्या आयलेट्सना औषध म्हणून पहिली परवानगी दिली. नाव लँटिड्रा. ३० रुग्णांपैकी २१ जण वर्षभर किंवा जास्त इन्सुलिनशिवाय राहिले, त्यांतले दहा पाच वर्षांहून अधिक. पाच जणांना एक दिवसही सुटका मिळाली नाही. २०२५ मध्ये मूलपेशींपासून कारखान्यात वाढवलेल्या आयलेट्सचा निकाल आला: १२ पैकी १० रुग्ण वर्षाने इन्सुलिनमुक्त. या पेशी कधी स्वादुपिंडात नव्हत्याच, त्यामुळे त्यांना कोलॅजिनेजने सोडवावंही लागत नाही. आमचा धंदा बसणार असं एक जुनी सहकारी फोनवर म्हणाली.

मला तसं वाटत नाही. स्वादुपिंडाला वर्षानुवर्षं सूज असलेले, वेदनेने बेजार झालेले रुग्ण आहेत. केरळात तर खडे होऊन स्वादुपिंड दगडासारखं कडक होणारा प्रकार पूर्वापार आहे. अशांचं अख्खं स्वादुपिंड काढून त्यातल्या त्यांच्याच आयलेट्स त्यांना परत द्यायची शस्त्रक्रिया मिनेसोटात १९७७ साली सुरू झाली आणि हैदराबादलाही झाली आहे. इथे परकेपणाचा प्रश्नच नसतो. त्यामुळे किती आयलेट्स निघाल्या आणि कशा निघाल्या यावरच बरंचसं ठरतं. तंतू आणि खड्यांनी भरलेलं असं स्वादुपिंड पचवणं निरोगी दात्याच्या स्वादुपिंडापेक्षा अवघड, आणि दुसरं आणून भर घालायची सोय नाही. या रुग्णांसाठी आजही तोच रिकॉर्डीचा चेंबर फिरतो, आणि एन्झाइम कधी थांबवायचं ते नमुना पाहणारा माणूसच सांगतो.